तोंड आलंय? आधी कॅलेंडर बघा!

आपल्या मराठीचं एक भारी आहे. आपले डोळे 'येतात' आणि तोंडही 'येतं'. जणू इतके दिवस ते बाहेरगावी गेलं होतं आणि आत्ताच एसटीतून उतरलं! बरं, येतं ते नको तेव्हा. सोमवारी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन असतं, शनिवारी बेस्ट फ्रेंडचं लग्न असतं, आणि नेमका त्याच आठवड्यात जिभेच्या कडेला किंवा ओठाच्या आत एक पांढरट-पिवळा चट्टा उगवतो. भोवती लालभडक कड. आकार मोहरीएवढा, माज मात्र हत्तीएवढा. कॅन्टीनची मिसळ बंद, कोल्डकॉफीचा स्ट्रॉ कुठल्या बाजूने घालायचा याचं प्लॅनिंग सुरू. मीटिंगमध्ये 'स्ट्रॅटेजी' शब्द उच्चारताना 'स्ट्र'वर डोळ्यांत पाणी.

मग सुरू होतात सल्ले. शेजारच्या क्युबिकलमधली म्हणते, "पोटात उष्णता झालीय, सब्जा पी." केमिस्ट म्हणतो, "लाल कॅप्सूल घ्या, बी-कॉम्प्लेक्स." फॅमिली ग्रुपवर लगेच दहा फॉरवर्ड येऊन पडतात, त्यातले पाच एकमेकांच्या विरुद्ध. माझं बरं आहे. या विषयासाठी माझी एक खास हेल्पलाइन आहे. तिचं नाव जेऊर.

जेऊर कुठे म्हणून विचारू नका. 'सैराट' बघितलाय ना? त्या नागराज मंजुळेंचं हे गाव. सोलापूर जिल्हा, तालुका करमाळा. पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवर दौंड गेलं, भिगवण गेलं, की खिडकीतून उजनीचं बॅकवॉटर दिसायला लागतं आणि थोड्या वेळाने जेऊर येतं. आमचं आजोळ तिथलं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, ताटात ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ठेचा. म्हणजे तोंड यायला सगळी सोय, आणि त्यावरच्या औषधांचा स्टॉकही घरचाच.

आजीची फार्मसी

आजोळच्या दारात जाईचा वेल आहे. गजऱ्यासाठी फुलं सगळेच तोडतात, पण तोंड आलं की आजी पाला तोडायची. तीन-चार पानं धुवायची, तोंडात सावकाश चावायची, रस सगळीकडे फिरवायचा आणि चोथा थुंकून टाकायचा. चव अशी कडू-तुरट की 'आजी, बरं वाटलं गं' असं लगेच खोटं बोलावंसं वाटतं! पण हे काही तिचं स्वतःचं संशोधन नव्हे. आयुर्वेदात या दुखण्याला मुखपाक म्हणतात आणि त्यावर जाईची पानं चावायला सांगितलीच आहेत.

दुसरं औषध परसात. पेरूची कोवळी पानं पाण्यात उकळायची, पाणी कोमट झालं की गुळण्या. यातला फंडा सिंपल आहे. पेरूच्या पानांत टॅनिन असतं, म्हणजे तोच तुरटपणा जो कोऱ्या चहात असतो. हा तुरटपणा जखमेचा वरचा थर थोडा आवळून धरतो, त्यामुळे चट्ट्याला हवा-पाणी-तिखट लागणं कमी होतं. पानवाल्याकडचा कात याच जातीचा. आयुर्वेदिक दुकानातल्या खदिरादि वटीतला खदिर म्हणजे खैर, आणि कात त्याच झाडाचा. मात्र नुसता कात वेगळा आणि सुपारी-चुन्यासकट पान वेगळं, हे विसरायचं नाही. त्यावर पुढे येतेच.

तिसरं, मामाच्या दाढीच्या डब्यातली तुरटी. चिमूटभर पूड पेलाभर पाण्यात विरघळवून चूळ भरायची. झोंबतं, पण दोन मिनिटांनी आराम पडतो. गिळायची मात्र नाही.

बाकीची औषधं तुमच्या पुण्यातल्या वन-बीएचके किचनमध्येही सापडतील.

मीठ-पाणी : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा चूळ. स्वस्त आणि मस्त. मीठ फारच झोंबत असेल तर अर्धा कप पाण्यात चमचाभर खायचा सोडा. तोंडातली आम्लता कमी होते, आग कमी होते.

साजूक तूप किंवा मध : रात्री झोपताना बोटाने चट्ट्यावर हलकेच लावा. जखमेवर एक कोट बसतो, दातांशी घासणं कमी होतं. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही. त्यात बोट्युलिझम नावाच्या गंभीर आजाराचे बीजाणू असू शकतात.

ज्येष्ठमध : काडी चघळा किंवा पूड मधातून लावा. घसा बसलेल्यांनाही माहीत असलेलं औषध. ब्लडप्रेशरवाल्यांनी मात्र रोज-रोज चघळू नये, ज्येष्ठमधाने बीपी वाढू शकतं.

बर्फ : आजीच्या काळात फ्रिज नव्हता, तुमच्याकडे आहे. बर्फाचा छोटा खडा चट्ट्यापाशी धरा. जेवणाच्या आधी केलंत तर निदान चार घास सुखाने जातात.

सुकं खोबरं आणि खडीसाखर चावणं हाही आजोळचा लाडका उपाय. त्याने चट्टा लवकर बरा होतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण तोंडाला जरा तेलकटपणा येतो आणि लहान पोरं रडायची थांबतात. तेवढंही पुष्कळ.

हे मात्र नको

अ‍ॅस्पिरिनची गोळी चट्ट्यावर दाबून धरणारे हिरो मी पाहिलेत. ती गोळी आम्ल आहे, नाजूक त्वचा जाळते आणि एका जखमेच्या दोन होतात. लवंगेचं निखळ तेल थेट चोपडणं तसंच. टंकणखार-ग्लिसरीनची जुनी बाटली अजून काही घरांत असते. टंकणखार म्हणजे बोरॅक्स, तो लहान मुलांच्या तोंडात अजिबात लावू नका. केमिस्टकडे मिळणारी सॅलिसिलेटवाली जेल बारक्या पोरांना परस्पर लावू नका. ब्रिटनमध्ये २००९ पासून १६ वर्षांखालच्यांना ती न लावण्याचा सल्ला आहे. सुई-टाचणीने चट्टा फोडणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ठणका थांबावा म्हणून तंबाखूची चिमूट किंवा मशेरी लावणं. गावाकडे आजही हे चालतं. थोडा वेळ बधिर वाटतं खरं, पण हा सौदा फार महागाचा आहे.

घरच्या उपायांनी तीन-चार दिवसांत काहीच फरक नाही आणि खाणं-पिणं मुश्कील झालं, तर डेंटिस्टला गाठा. बधिर करणारी लिग्नोकेनची जेल किंवा ट्रायमसिनोलोनसारखं स्टेरॉइड असलेली तोंडात चिकटणारी पेस्ट ते देऊ शकतात. चट्टा नुकता उगवत असतानाच लावली तर तिचा जास्त उपयोग होतो. पण स्टेरॉइड आहे, तेव्हा मित्राच्या प्रिस्क्रिप्शनवर नको.

हे येतं तरी का?

डॉक्टरी भाषेत आपल्या या पाहुण्याचं नाव अ‍ॅफ्थस अल्सर. साधारण पाचातल्या एकाला कधी ना कधी हा त्रास होतो आणि त्यात तरुण मंडळी आघाडीवर. बहुतेक चट्टे एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतात आणि सात ते चौदा दिवसांत आपले आपण बरे होतात, डाग न ठेवता. हा संसर्ग नाही. एकाच ग्लासातून प्यायल्याने किंवा किस केल्याने तो पसरत नाही. (हुश्श म्हणालात ना?) ओठाच्या बाहेरच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस येतो ते प्रकरण वेगळं. तो हर्पिसचा व्हायरस, आणि तो मात्र पसरतो.

नेमकं कारण एकच असं नाही, पण ट्रिगर बरेच ओळखीचे आहेत. ब्रशचा धसका, दाताची टोकदार कड, नव्या ब्रेसेस, जेवताना गाल चावला जाणं. सोलापुरी कडक भाकरीची पापडासारखी धारदार कड यात सहज बसते. ती आमटीत चुरून खाल्ली की प्रश्न मिटतो आणि लागतेही झकास. परीक्षा, डेडलाइन, ब्रेकअप आणि अपुरी झोप हे शहरी ट्रिगर. काही मुलींना पाळीच्या आधी हमखास तोंड येतं. सिगारेट सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींना चट्टे येतात. म्हणून पुन्हा सिगारेट धरायची नसते, एवढंच.

टूथपेस्टही तपासा. बऱ्याच पेस्टमध्ये फेस यावा म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट असतं. नॉर्वेमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दहाच पेशंट होते, पण ही फेसवाली पेस्ट बंद केल्यावर त्यांचे चट्टे बरेच कमी झाले. नंतरच्या अभ्यासांचा कलही त्याच बाजूला आहे. तेव्हा वारंवार तोंड येत असेल तर ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा आणि दोन-तीन महिने बिनफेसाची पेस्ट वापरून बघा. खर्च फारसा नाही, फायदा झाला तर झाला.

आणि ती फेमस 'उष्णता'? माझ्या मते उष्णता हा शब्द म्हणजे आपल्या घरातला माळा आहे. जे कुठेच बसत नाही ते सगळं तिथे टाकायचं. उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, झोप नीट होत नाही, पालेभाजी महागते, तिखट-चहा-जागरण चालूच असतं. मग तोंड आलं की उष्णता. ताक-सब्जाने गार वाटतं, जरूर प्या. पण 'उष्णता' म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात, आणि खरी गडबड तिथे होते.

केम आणि केईएम

जेऊरच्या पुढे, भाळवणी ओलांडली की केम नावाचं स्टेशन लागतं, कुंकवासाठी प्रसिद्ध. आता मी ज्या केईएमबद्दल सांगतेय ते पुण्यातलं हॉस्पिटल. तिथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुणे आणि आसपासच्या गावांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्तातलं व्हिटॅमिन बी-१२ मोजलं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. निकाल धक्कादायक होता. एकूण ६७ टक्के जणांमध्ये बी-१२ कमी. आणि सगळ्यांत वाईट अवस्था कोणाची? खेड्यातल्या शेतकऱ्याची नाही, झोपडपट्टीतल्या कामगाराचीही नाही, तर शहरी मध्यमवर्गाची. तिथे हा आकडा ८१ टक्के! शाकाहारी लोकांना धोका चौपटीहून जास्त.

याचा तोंडाशी काय संबंध? बी-१२, लोह आणि फोलेट यांची कमतरता हे पुन्हा पुन्हा तोंड येण्याचं एक ओळखीचं कारण आहे. इस्राएलमधल्या एका अभ्यासात (२००९) वारंवार तोंड येणाऱ्या ५८ जणांपैकी अर्ध्यांना रोज रात्री जिभेखाली १००० मायक्रोग्रॅम बी-१२ ची गोळी दिली आणि बाकीच्यांना नुसतीच दिखाऊ गोळी. सहा महिन्यांनी बी-१२ वाल्यांपैकी ७४ टक्के जणांचे चट्टे पूर्ण थांबले होते, दुसऱ्या गटात ३२ टक्के जणांचे. पण लगेच मल्टीव्हिटॅमिनचा डबा उघडू नका. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६० जणांना वर्षभर रोजची साधी मल्टीव्हिटॅमिन दिली गेली, आणि फरक पडला शून्य.

मतलब काय? केमिस्टकडची लाल कॅप्सूल आंधळेपणाने गिळण्यात अर्थ नाही. वर्षात तीन-चार वेळा तोंड येत असेल तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि फोलेट एकदा तपासून घ्या. कमी निघालं तर त्याचीच गोळी किंवा इंजेक्शन घ्या. डायबिटीससाठी मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीसाठी वर्षानुवर्षं ओमेप्राझोल घेणाऱ्यांचंही बी-१२ उतरू शकतं. नुसत्या फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मनानेच खात बसू नका, त्याने बी-१२ ची कमतरता झाकली जाते आणि नसांना इजा होत राहते.

बी-१२ मिळतं कशातून? दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण. कोथिंबीर-पालकातून नाही. म्हणजे उजनीची चिलापी हासुद्धा तोंड येण्यावरचा एक घरगुती उपाय झाला म्हणायचा! फक्त रस्सा जरा कमी झणझणीत.

मामीची गोष्ट

आता जरा सिरियस.

गेल्या दसऱ्याला मी जेऊरला होते. जेवायला बसलो तर मामी भाकरी दुधात कुस्करत होती. ज्या बाईला ठेच्याशिवाय घास उतरत नाही, ती दूध-भाकरी खातेय म्हटल्यावर मी विचारलं, "काय गं मामी, बरं नाही का?"

"काय न्हाई. तोंड आलंय. उष्णताय."

"कधीपासून?"

"झालं असतील चार-आठ दिस."

मामा म्हणाला, "चार-आठ कुठलं? गौरी जेवल्या त्या दिवशी तुला कटाची आमटी झोंबली नव्हती का? ताट तसंच सरकवलंस."

मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं. दुधाचे लिटर, गॅस सिलिंडरची तारीख, सगळं त्यावर लिहिलेलं. गौरीजेवणापासून दसऱ्यापर्यंत चौकटी मोजल्या. महिना उलटून गेला होता. आणि महिनाभर मामी रोज सकाळी इमानाने जाईचा पाला चावत होती.

मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या गालाच्या आत बघितलं. चट्टा मोहरीएवढा नव्हता. कडा जाडसर होत्या आणि शेजारी एक पांढरा पट्टा, पुसला तरी न जाणारा. तिथेच ती गेली तीस वर्षं मशेरी धरते. लग्न होऊन आली तेव्हा सासूने शिकवलं, तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बोटाने दातांना घासायची. दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून चार वेळा.

मामी एकटी नव्हे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या टीमने १९६० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली होती. १९७२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मशेरी लावणाऱ्या बायका सुमारे ३९ टक्के आणि पुरुष जेमतेम एक टक्का. तंबाखूचं व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पानटपरीवरचा बाप्या येतो. स्वयंपाकघरातली बाई येत नाही, कारण ती 'दात घासत' असते.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही मामीला घेऊन बार्शीला गेलो. जेऊर ते कुर्डुवाडी रेल्वे, तिथून बार्शी. बार्शी म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पण कॅन्सरच्या अभ्यासात त्याचं नाव मोठं आहे. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलशी जोडलेली कॅन्सर रजिस्ट्री १९८७ साली सुरू झाली, भारतातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री. म्हणजे जेऊरच्या माणसाला यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. मामी गाडीत दोनच वाक्यं बोलली. "उगं खर्च." आणि थोड्या वेळाने, "कापत्यात का गं?"

तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट यायचे ते दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मामाने तिची मशेरीची डबी उचलून गोठ्याच्या पत्र्यावर फेकून दिली आणि नंतर स्वतःच वर चढून ती उकिरड्यात टाकली. न जाणो, ती पुन्हा काढायची.

कॅन्सर नव्हता. कॅन्सरच्या आधीची पायरी होती, पेशी बदलायला लागलेल्या. डॉक्टरांनी तेवढा भाग काढला, मशेरी कायमची बंद करायला सांगितली आणि ठराविक महिन्यांनी तपासणीला बोलावलं. आता ती ब्रशने दात घासते, तक्रार करत. "त्या पेस्टीला चव न्हाई" म्हणते. ठेचा मात्र पुन्हा सुरू झालाय.

जाईच्या पाल्यात काही खोट नव्हती, तो त्याचं काम करत होता. खोट होती ती मोजदादीत. साधा चट्टा दोन आठवड्यांत आपणहून जातो, म्हणून त्यावर काहीही लावलं तरी आपल्याला वाटतं गुण आला. जो जात नाही त्यालाही आपण तेच लावत बसतो. तो साधा आहे की नाही, हे औषध सांगत नाही. कॅलेंडर सांगतं.

आपल्याला काय त्याचं?

'आम्ही कुठे मशेरी लावतो' म्हणून पान उलटू नका. टपरीवर चहासोबत मावा मळणारे ऑफिसवाले तुम्हीही बघितलेत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मावा, खर्रा आणि 'माउथ फ्रेशनर' म्हणून मिळणारी सुगंधी सुपारी खिशाखिशात असते. 'आपली साधी सुपारी आहे, तंबाखू नाही' हा युक्तिवाद तर ठरलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सुपारीने गालाची आतली त्वचा हळूहळू ताठ होते, तोंड उघडणं कमी होतं. या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्याची सुरुवात कशी होते माहितेय? तिखट झोंबायला लागतं. वारंवार फोड येतात. म्हणजे तक्रार तीच, 'तोंड आलंय'. पंचविशीतल्या पोरांनाही हे होतं.

चांगली बातमी ही की यासाठी कुठलंही महागडं मशीन लागत नाही. तिरुअनंतपुरमजवळ झालेल्या आणि २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांच्या तोंडात नुसतं नीट बघितलं, तर तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. नुसतं बघून!

मग महिन्यातून एकदा दोन मिनिटं स्वतःला द्या. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च. ओठ आतून उलटून बघा, दोन्ही गाल बाजूला ओढून बघा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, मग जीभ टाळूला लावून खालची बाजू, शेवटी टाळू. आणि एक देशी टेस्ट : मधली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का? जात नसतील तर डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्या. आई-बाबांचं आणि गावाकडच्या काकू-मामीचंही बघा. सेल्फी काढताना मोबाइल तसाही हातात असतोच.

फ्रिजवर लावायचा कागद

१. चट्टा दिसला की कॅलेंडरवर तारीख लिहा.

२. मीठ-पाणी, जाईचा पाला, पेरूची पानं, तूप, बर्फ, जे झेपेल ते करा. तिखट, आंबट, फार गरम काही दिवस बंद.

३. १४ दिवसांत गेला नाही तर डेंटिस्ट. तीन आठवडे झाले तर कुठलीही सबब चालणार नाही.

४. तारखेची वाट न बघता जा : कडा कडक लागतात, चट्टा मोठा आहे पण दुखत नाही, पांढरा किंवा लाल पट्टा पुसला जात नाही, जीभ-ओठ बधिर झालेत, विनाकारण दात हलतोय, मानेत गाठ लागतेय.

५. सोबत ताप, डोळे लाल, जननेंद्रियावर फोड, सततचे जुलाब किंवा वजन उतरणं असेल तर फॅमिली डॉक्टर. हे नुसतं तोंडाचं दुखणं नसतं.

६. नवीन औषध सुरू केल्यावर चट्टे आले तर ज्यांनी ते दिलं त्यांना कळवा. सांधेदुखी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल आणि तोंड आलं, तर त्याच दिवशी फोन करा.

७. 'उष्णता' हे उत्तर पहिले चौदा दिवसच चालेल. पंधराव्या दिवशी ते रद्द.

जाईचा वेल कुंडीत छान येतो, बाल्कनीत ऊन मात्र हवं. संध्याकाळी फुलांचा वास, अडीअडचणीला पाला. लावाच एक. आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर एक कालनिर्णय आणि दोरीला बांधलेलं पेन!